आक्काच्या हसण्याच्या मागावर

मी एक कॅमेरा आहे. खिशात मावणारा नव्हे; गळ्यात घातला की पाच मिनिटांत माणसाला मान चोळायला लावणारा. अंगानं काळा, उजव्या बाजूला पकडीसाठी रबर, आणि अंगठा टेकतो तिथं ते रबर झिजून गुळगुळीत झालेलं. माझ्या पोटात एक आकडा असतो, आजवर मी किती फोटो काढले त्याचा. तो कुणाला खोडता येत नाही आणि मला लपवता येत नाही. आज सकाळी तो दोन लाख सहा हजार चारशे अकरा होता. त्यातले दोन लाख तरी एकसारखे आहेत: समोर बघणारा एक माणूस, मागे पांढरा पडदा, तोंड मिटलेलं. उरलेल्यांपैकी एकाविषयी मला बोलायचं आहे.

माझा जन्म एका फार स्वच्छ खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असायची. धुळीचा कण आत गेला तर माझा जन्म फुकट जाईल, म्हणून त्यांना शिंकायचीसुद्धा चोरी. ज्या खोक्यात मला घातलं त्याच्यावर उडत्या गरुडाचं चित्र होतं. अंधारात पडल्या पडल्या मी ठरवून टाकलं, आपलं आयुष्य डोंगरदऱ्यांत जाणार. खोका उघडला तेव्हा समोर एक फिरतं स्टूल होतं.

माझा मालक ओळखपत्रांचे फोटो काढतो. त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. वरच्या मजल्यांवर तीन सरकारी कार्यालयं, त्यामुळे हातात अर्ज घेऊन माणसं दिवसभर येत राहतात. मालक कुणालाही घाई करत नाही. आधी कॉलर नीट करतो, मग कंगवा पुढे करतो, मग माझ्यामागे येऊन एकाच सुरात म्हणतो, "खांदे सैल. हनुवटी किंचित खाली. कान दिसू द्या. ओठ मिटलेले. आता हलू नका." अकरा वर्षांत यातला एक शब्द इकडचा तिकडे झालेला मी ऐकला नाही. फोटो हातात आला की प्रत्येक जण विचारतो, "मी असा दिसतो?" मालक समजूत घालतो, "अर्जावर सगळे असेच दिसतात."

आता घरातली माणसं सांगतो. मालकाची बायको; तिला घरात नेमकं काय कुठं आहे ते ठाऊक असतं, आणि मालकाला ठाऊक नसतं हेही. मुलगी चिमी, वय चौदा. आणि आक्का, मालकाची थोरली बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. मालक पन्नाशीला आला तरी ती त्याला गुंड्याच म्हणते. यजमान गेल्यापासून ती इथंच, मागच्या खोलीत राहत होती. तिचा मुलगा दूरदेशी असतो. त्याला बाळ झालं आणि त्यानं आईला कायमचं बोलावून घेतलं. शनिवारी सकाळचं विमान ठरलं.

आत्याबरोबर द्यायला म्हणून चिमी एक अल्बम करत होती. सगळे डबे उपसून तिनं आत्याचे त्रेसष्ट फोटो जमवले आणि जमिनीवर ओळीनं मांडले. मग बापाला हाक मारली.

"बाबा, हे बघा. आत्या लग्नात. आत्या दादाला मांडीवर घेऊन. आत्या समुद्रावर. यातला कुठलाही कापून अर्जावर चिकटवला तर चालेल."

मालकानं चष्मा पुसला आणि गुडघ्यांवर बसून सगळी ओळ पाहिली. पोरीचं खरं होतं. त्रेसष्ट ठिकाणी आक्काचे खांदे सरळ, हनुवटी किंचित खाली, ओठ मिटलेले.

आक्का हसते कशी, हे मी शपथेवर सांगू शकतो. आधी आवाज नाही. नुसते खांदे हलतात. मग डोळे बारीक होत होत नाहीसेच होतात. मग एकदम कुकर शिट्टी देतो तसा आवाज, आणि शेजारी जो असेल त्याच्या पाठीत धपाटा. दुकानाच्या मागच्या दारातून मी हे शेकडो वेळा पाहिलं-ऐकलं आहे. पण तिच्याकडे वळून मला उचललं की सगळं बंद! याचं कारण जुनं आहे, माझ्याही आधीचं. मालक हे काम शिकत होता तेव्हा त्याच्यासमोर बसायला दुसरं कुणी नव्हतं. आक्का एका उपड्या बादलीवर तासन्‌तास बसायची आणि तो दिवा डावीकडे ने, उजवीकडे ने, असं करायचा. "हलू नकोस हं, आक्का." ती हलली नाही. ती सवय मग घराला लागली. या घरात कॅमेरा वर गेला की लोक कान मोकळे करतात.

"हसतानाचा एकही नाही?" मालकानं स्वतःलाच विचारलं.

"तिकडच्या बाळाला वाटेल, आजी रागीट आहे," चिमी म्हणाली.

ते त्याला लागलं. तेवढ्यात आक्का दारात आली. तिला वेगळंच काही हवं होतं. बसच्या पाठीवर तिनं एका थीम पार्कची जाहिरात पाहिली होती, उंचावरून पाण्यात पडणाऱ्या होडीची.

"जायच्या आधी मला त्या पडत्या होडीत बसायचंय."

"आक्का, तुमचे गुडघे?" मालकाच्या बायकोनं विचारलं.

"होडीत बसायचंच असतं गं. उभं कुठं राहायचंय?"

गुरुवारी जायचं ठरलं. मालकानं मला ब्रशनं साफ केलं, दोन बॅटऱ्या भरल्या, स्टँड बांधला. आक्काचं खरं हसू पकडायला त्याच्या हाती तो एकच दिवस होता.

सकाळी नऊ वीसला आम्ही पार्कच्या फाटकावर पोचलो. पहारेकऱ्यानं पिशवी उघडायला लावली आणि मला पाहून एक पाऊल मागे सरला.

"ही काय तोफ आहे?"

"कॅमेरा आहे."

"तसला मोठा आत चालत नाही. शूटिंगची परवानगी लागते."

"शूटिंग नाही हो. बहिणीचा एक फोटो काढायचाय."

"एका फोटोला एवढं सामान? माझ्या मेहुण्यानं अख्खं लग्न फोनवर काढलं."

"मग, कसं आलंय?" मालकानं अगदी मनापासून विचारलं.

पहारेकरी घुटमळला. "खरं सांगू? सगळ्यांचे डोळे लाल आलेत."

मालकाचं लक्ष एव्हाना त्याच्या छातीवरच्या ओळखपत्राकडे गेलं होतं. ओळखपत्र त्याच्या नजरेतून कधीच सुटत नाही. "हा फोटो कुणी काढला तुमचा? डावा कान कुठाय?"

पहारेकऱ्यानं कान चाचपला. "आहे की."

"फोटोत नाही ना. मान वळलीय. आणि दिवा वरून मारलाय, म्हणून डोळ्यांखाली खड्डे दिसतात. एरवी तुमचे डोळे चांगले आहेत."

"गुंड्या," आक्का म्हणाली, "आत यायचंय, की इथंच दुकान मांडतोस?"

पहारेकरी हसला. त्यानं आत कुणाशी तरी बोलून घेतलं. कॅमेरा न्या, पण स्टँड इथंच राहील, आणि पाळण्यात बसताना गळ्यात काही चालणार नाही, लॉकरमध्ये ठेवावं लागेल. स्टँडच्या बदल्यात पितळी बिल्ला मिळाला. मालकाचा चेहरा उतरला, कारण स्टँडशिवाय तो मला क्वचितच वापरायचा. माझं म्हणाल तर, पाय काढून घेतल्यासारखं वाटत होतं, पण मी इतका आनंदात होतो की तक्रार केली नाही. अकरा वर्षं पांढऱ्या पडद्याकडे बघितलेल्याला पहिल्यांदा एवढे रंग दिसत होते! लाल घसरगुंडी, पिवळे खांब, निळं पाणी, आणि इकडून तिकडे धावणारी माणसं, एकाचंही तोंड मिटलेलं नाही. तासभर रांगेत उभं राहून माणसं घाबरून घेतात आणि खाली उतरली की पुन्हा त्याच रांगेच्या शेपटाला जाऊन लागतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिला प्रयत्न कारंज्यापाशी. तिघी गप्पा मारत उभ्या होत्या, आक्काचे खांदे हलायला लागले होते. मालकानं मला डोळ्याला लावलं. तिघींचे खांदे एका रेषेत आले. चिमीनं केस कानामागे घेतले.

"अगं, इथं तरी मोकळ्या उभ्या राहा!"

"आम्ही मुद्दाम नाही करत, बाबा. तोंड आपोआप मिटतं."

"हसा म्हणजे झालं."

तिघी हसल्या. दार किलकिलं करून बाहेर कोण आलंय ते पाहावं, तेवढ्या. आक्काला त्याची दया आली. "दात हवेत का तुला? घे." तिनं दात दाखवले, दाताच्या डॉक्टरला दाखवतात तसे.

मग त्यानं चोरून फोटो काढायचं ठरवलं. मक्याच्या लाह्यांच्या गाडीमागे लपला. एका पुठ्ठ्याच्या अस्वलाच्या काखेतून मला बाहेर काढलं. पण आक्काला कसं कोण जाणे, कळायचंच. त्याचं बोट बटणापर्यंत जायच्या आत ती बोलता बोलता सरळ व्हायची आणि तिची हनुवटी किंचित खाली यायची. दुपारी दोनपर्यंत आम्ही एकेचाळीस फोटो काढले होते. एकेचाळीसच्या एकेचाळीस अर्जावर चालले असते. मागे अस्वल होतं एवढंच.

पाळण्यांचं तर विचारूच नका. लॉकरवर मालकाचा विश्वास नव्हता, त्यामुळे प्रत्येक पाळण्याला त्या तिघी आत आणि हा बाहेर बाकावर, मला मांडीवर घेऊन. त्या हसत उतरायच्या, हा मला उचलायचा, हसू गायब. चार पाळणे असे झाले. पाचवी ती पडती होडी. तिथंही तो बाक शोधायला लागला तेव्हा आक्का रांगेतून बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"ती लॉकरं तिथं कशाला बांधलीत रे?"

"तू जा ना, आक्का. तू उतरताना हसत असशील, तेव्हा मी बरोब्बर—"

"सकाळपासून तेच बघतेय. आम्ही वर आणि तू खाली. परवा मी जाणार. तिथं मला कुणी विचारलं, शेवटच्या दिवसात भावाबरोबर काय केलं, तर काय सांगू? त्यानं पिशवी छान सांभाळली?"

"त्या पिशवीला वारा घालायचा राहिलाय फक्त," मालकाची बायको म्हणाली.

मालकाला हसू आलं नाही. त्याचा हात माझ्यावर तसाच होता. आक्काचा आवाज उतरला.

"तू शिकत होतास तेव्हा मी त्या बादलीवर बसले, गुंड्या. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही. आता तू माझ्यासाठी थोडा हल."

त्यानं मला पिशवीत घातलं, एकशे सतरा नंबरच्या लॉकरमध्ये ठेवलं, किल्ली फिरवून दार दोनदा ओढून पाहिलं आणि गेला.

इथून पुढचं मी पाहिलेलं नाही. ते चिमीनं त्या आठवड्यात भेटेल त्याला सांगितलं, त्यामुळे मला पाठ आहे.

चौघांना अगदी पुढची रांग मिळाली. होडी साखळीवरून खटखट करत वर चढू लागली. मालकानं डोळे घट्ट मिटले होते आणि आक्काचं मनगट धरलं होतं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसं. टोकावर होडी क्षणभर थांबली. त्यानं डोळे उघडले, आणि समोरच्या खांबावर त्याला एक करडी पेटी दिसली, तिच्यावर लाल दिवा. होडी पडताना सगळ्यांचा फोटो काढणारा पार्कचा कॅमेरा होता तो. माझ्याच जातीचा, पण बिचारा जन्मभर खांबाला जखडलेला. माणूस फार घाबरला की त्याचं तोंड रोजचंच काम करतं. होडी सुटली आणि मालक ओरडला, "समोर बघा! हनुवटी खाली! हलू नका!"

धाडकन पाणी उडालं. भिजून चिंब होऊन चौघं बाहेर आले. मालक आधी धावत माझ्याकडे आला, मला पिशवीतून काढून गळ्यात घातलं आणि सवयीनं चालूही केलं. झाकण लावायचं मात्र राहिलं. म्हणून यापुढचं सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बाहेर पडायच्या वाटेवर एक काउंटर होतं. तिथल्या पडद्यावर होडीतले फोटो दिसत होते. आमची होडी आली. मागच्या रांगांमध्ये बारा माणसं. बाराही जणांचे जबडे उघडे, केस आभाळाला, एकाची टोपी हवेत, एका जाड्या गृहस्थांनी शेजारच्या अनोळखी बाईंच्या खांद्यात तोंड खुपसलेलं. आणि पुढच्या रांगेत चार माणसं, खांदे सरळ, ओठ मिटलेले, शांतपणे समोर बघणारी. आठच्या आठ कान दिसत होते. आक्कानं तर पडता पडता केस मागे घेतले होते.

काउंटरवरच्या मुलीनं पडद्याकडे पाहिलं, मग या चौघांकडे पाहिलं. "तुमच्या रांगेपुरती होडी बंद पडली होती का?"

आक्काचे खांदे हलायला लागले.

ती काउंटरला धरून उभी होती, ओल्या केसांची, आणि तिचे डोळे बारीक होत चालले होते. माझ्या अंगावर मालकाचा हात आला. मला वाटलं, झालं. आता हा मला उचलणार, आणि आता हे सगळं मिटणार. पण हात वर गेला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला डोळ्याला न लावता, पोटाशी जिथं लोंबत होतो तिथंच किंचित वळवलं आणि बटण दाबलं. प्रकाश मोजला नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्याकडे बघत होता. बाकी सगळं माझ्यावर सोडलं होतं. मी जिवाच्या आकांतानं तिला शोधलं. तीन वेळा बटण दाबलं गेलं आणि त्यातच कुकरची शिट्टी झाली.

पहिल्या फोटोत छपरावरची ट्यूबलाइट आली. तिसऱ्यात चिमीची बाही. मधल्यात आक्का आहे. फोटो तिरका आहे. कपाळ वरून कापलं गेलंय, एक कान पूर्ण गायब. डोळ्यांच्या जागी दोन रेघा. तोंड इतकं उघडं की डावीकडची पडलेली दाढ मोजता येते. कडेला एक पुसट हात वर उचललेला आहे. तो पुढच्या क्षणी मालकाच्या पाठीत बसला, तो धक्का मलाही लागला.

शुक्रवारी सकाळी मालकानं तो फोटो मोठा करून छापला. चार वेळा छापला, कारण ओठांचा रंग त्याच्या मनासारखा येत नव्हता. बायको मागून बघत होती.

"कान नाहीये," ती म्हणाली.

"नसू दे," तो म्हणाला.

दुपारी आक्का मागच्या खोलीत सामान भरत होती. त्यानं फोटो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली. "शी! दाढ दिसतेय माझी," म्हणाली आणि पदराच्या टोकानं डोळे टिपले. मग फोटो परत त्याच्याच हातात दिला.

"हा तुझ्याकडे ठेव. मला होडीतला दे."

मालकाला कळेना. "आक्का, तो? अगं, त्यात सगळे पुतळ्यासारखे दिसतोय. काउंटरवर घेतलेली ती प्रिंटसुद्धा फिकट आहे. आणि प्रकाश बघ, नुसता—"

"त्यात तू आहेस."

आक्कानं अल्बम उघडून त्याच्या मांडीवर ठेवला.

"त्रेसष्ट फोटो लावलेत पोरीनं. मी दोनदा बघितले. एकातसुद्धा तू नाहीस, गुंड्या. हसायचं काय, मी तिकडेही हसेन. तू मला तिकडे कुठं मिळणार?"

मालक उठला आणि दुकानात आला. मी टेबलावर होतो. होडीतला फोटो त्यानं समोर घेतला, पट्टी लावून त्याच्या खराब कडा सरळ कापल्या, मागच्या बाजूला पेन्सिलीनं तारीख लिहिली, आणि डावीकडून उजवीकडे कोण कोण बसलंय ते लिहिलं. स्वतःपाशी आल्यावर पेन्सिल थांबली. मग त्यानं 'गुंड्या' असं लिहिलं.

शनिवारी आक्का गेली. तो फोटो तिनं मोठ्या बॅगेत ठेवू दिला नाही, हातातल्या पिशवीत घेतला.

याला आता सात महिने झाले. वरच्या कार्यालयांनी खिडकीवरच छोटे कॅमेरे बसवायला सुरुवात केली आहे, त्यामुळे आमचं स्टूल बरंचसं रिकामं असतं. माझं बटण सैल झालंय. दुरुस्तीवाला म्हणाला, सुटे भाग येणं बंद झालंय, चालेल तोवर चालवा. पण रविवारी मला सुट्टी नसते. चिमी मला उचलते आणि बापाला स्टुलावर बसवते, आक्काला पाठवायला. दोन लाख माणसांना कसं बसायचं ते सांगितलेल्या या माणसाला स्वतःचे हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. मांडीवर ठेवतो, काढतो, छातीशी बांधतो, सोडतो. "चिमे, प्रकाश डावीकडून घे," म्हणतो. चिमी ऐकत नाही. बरेच फोटो बिघडतात. मला चालतं.

माझ्या बॅटऱ्याही फार दिवस धरतील असं नाही, म्हणून तुम्हाला एक विनंती करून ठेवतो. तुमच्या घरीही कुणीतरी असेल, प्रत्येक वेळी माझ्यामागे उभं राहणारं. एकदा त्याच्या हातून मला काढून घ्या. तो नको म्हणेल, तुला जमणार नाही म्हणेल, केस नीट नाहीत म्हणेल. ऐकू नका. फक्त माझं वजन जरा जास्त आहे. दोन्ही हातांनी धरा.